मर्तिकाच्या सामानाचा तयार संच: काय घ्यावं, काय वगळावं

स्मशानाजवळच्या दुकानांतून मर्तिकाचं सामान आता एकाच पिशवीत तयार मिळतं, काही ठिकाणी रात्री-अपरात्रीही घरपोच. सोय खरीच. पण ज्या वस्तूंवर सगळं अडतं त्यांचीच प्रत या संचांत हलकी असते, म्हणून पाचांपैकी तीनच गुण.

आधी तिरडी. बांबू आठ फुटांचे तरी हवेत, कारण खांदेकऱ्यांना पुढेमागे हातभर जागा लागते. टेम्पोत मावावेत म्हणून संचात साडेसहा-सात फुटांचे देतात. मग उंच माणसाचे पाय मागच्या खांदेकऱ्याच्या छातीला लागतात. बांबूखाली पिवळसर भुकटी सांडत असेल तर आत भुंगा आहे, तो परत करा. आडव्या कामट्या सुतळीने किंवा काथ्याने बांधलेल्या असाव्यात. नायलॉनच्या दोरीची गाठ वजनाखाली सरकते. दुकानदार बांधणारा माणूस देत असेल तर त्याचे पैसे जरूर द्या, संचातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे. तिरडी खालीच, इमारतीच्या दारात बांधायला सांगा, ती लिफ्टमध्ये मावत नाही.

दुसरं कापड. संचातलं पांढरं कापड बहुधा पॉलिस्टरचं आणि मोजूनमापून कापलेलं असतं. क्रिया करणाऱ्याच्या उत्तरीयासाठी, म्हणजे त्याने खांद्यावरून घ्यायच्या वस्त्रासाठी, त्यातूनच पट्टी फाडायची असते. पॉलिस्टर हाताने सरळ फाटत नाही, मग ऐनवेळी कात्रीची शोधाशोध. शिवाय आगीत ते जळण्याऐवजी वितळून चिकटतं. पाच मीटर मांजरपाट वेगळा घ्या. सवाष्णीच्या संचातली हिरवी साडीही त्याच जातीची. घरातली सुती साडी बरी.

मडकी दोन लागतात, विस्तवाचं आणि पाण्याचं. विस्तवाच्या मडक्यासोबत कामट्यांचं शिंकाळं आहे ना, ते बघा. पाण्याचं मडकं पातळ हवं. चितेभोवती तीन फेरे घेताना दर फेरीला त्याला दगडाने भोक पाडायचं असतं. संचात कुंडीसारखं जाड, रंगवलेलं मडकं आलं तर एकतर भोक पडत नाही, नाहीतर पहिल्याच घावाला सगळं फुटतं. हाच दगड अश्मा म्हणून, म्हणजे मृताचं प्रतीक म्हणून, दहाव्यापर्यंत जपतात. काही दुकानं पिशवीत गुळगुळीत दगड घालून त्याचेही पैसे लावतात; स्मशानातला साधा दगड चालतो. मात्र तो उत्तरीयाच्या टोकाला लगेच बांधून टाका. गर्दीत हरवण्यासारखी हीच एक वस्तू असते.

विस्तवाच्या मडक्यासाठीच्या गोवऱ्या ओलसर निघतात. निघायच्या अर्धा तास आधी तुपाचा बोळा घालून पेटवाव्या लागतात. नुसता कापूर भसकन जळून विझतो आणि गोवरी काळीसुद्धा पडत नाही. तूप किराणा दुकानातून आणा, संचातली इवलीशी पुडी पुरत नाही. काळे तीळ आणि पिंडासाठी सातूचं पीठही तिथूनच. संचात पिठाच्या नावाखाली कणीक येते आणि गुरुजी नाक मुरडतात. गुलाल, बुक्का, उदबत्ती ठीक. अत्तराची बाटली निव्वळ भरती.

लाकूड संचात घेऊ नका. एका चितेला साधारण ३०० ते ४०० किलो लागतं आणि त्याची सोय स्मशानातच असते. मुंबईत पालिकेच्या स्मशानात ३०० किलो मोफत मिळतं.

विद्युत किंवा गॅसदाहिनीत न्यायचं असेल तर निम्मा संच बाद. गोवऱ्या नकोत, मडकी गुरुजींना विचारून. प्लॅस्टिकचे हार, नारळ, बाटल्या आत जाऊ देऊ नका. पेसमेकर असेल तर तो डॉक्टरांकडून आधीच काढून घ्यावा लागतो, कारण उष्णतेने त्याची बॅटरी फुटते आणि दाहिनीचं नुकसान होतं. मृत्यू घरी झाला असेल तर डॉक्टरांच्या सहीचा नमुना ४अ, म्हणजे मृत्यूच्या कारणाचा दाखला, सोबत घ्या. ‘कागदपत्रांसह’ म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या संचात हा कागद नसतो, तो दुकानदार देऊच शकत नाही.