‘बिल विमा भरेल’ म्हणणारं व्यसनमुक्ती केंद्र

भावोजींची दारू सुटावी म्हणून ताईने म्हापशाजवळच्या एका खाजगी केंद्रात चौकशी केली, तर तिथला माणूस दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन डिचोलीला घरी हजर. 85 हजार डिपॉझिट भरा, क्लेम पास झाला की परत, आणि माणूस बरा होणार याची शंभर टक्के गॅरंटी.

ताईने शंका काढली तेव्हा त्याने मोबाइलवर 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा उघडून दाखवला. शारीरिक आजाराला मिळतो तसाच विमा मानसिक आजारालाही द्यायचा, आणि दारू-ड्रग्जमुळे होणारे विकार त्या आजारांत धरलेत. कायद्यात हे खरंच आहे, म्हणून तर माणूस फसतो! ताईच्या पॉलिसीत मात्र ‘एक्सक्लुजन 12’ होतं: दारू, अमली पदार्थ किंवा कुठल्याही व्यसनावरचे उपचार आणि त्याचे परिणाम वगळले. विमा नियामकाने 2019 साली ठरवून दिलेला हा मजकूर बहुतेक पॉलिसींत असतो. त्या पानावर तो गेलाच नाही.

ताईने पैसे भरून भावोजींना तिथे ठेवलं, पण क्लेम नामंजूर झाला. मग म्हणे, ओळखीच्या हॉस्पिटलात ‘पोटाचा विकार’ म्हणून ॲडमिट दाखवू, थोडे वर लागतील. ताईने त्याला दारातूनच परत पाठवला. खोट्या क्लेमवर सही तिची राहिली असती, त्याची नव्हे. डिपॉझिट मागितलं तर ते उपचारांत वळतं झालं म्हणाले. पावती नीट पाहिली तर तीवर ‘देणगी’ लिहिलेलं.

भावोजी चवथीला पुन्हा प्यायले. केंद्राचं उत्तर ठरलेलं: घरच्यांनी लक्ष दिलं नाही. बांबोळीच्या सरकारी मनोरुग्णालयातल्या डॉक्टरांनी मात्र कोणालाच दोष दिला नाही. या आजारात पुन्हा पिणं होतं, औषध आणि समुपदेशन चालू ठेवायचं, एवढंच सांगितलं. गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशनाची चाचणी झाली होती, 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 36 टक्के सावरले होते, न मिळालेल्यांपैकी 26. तेही व्यसन पुरतं जडलेले नव्हेत, अपायकारक प्रमाणात पिणारे पुरुष. आणि हा गृहस्थ शंभर टक्के विकतो!

कोणी ‘कॅशलेस होईल’ म्हटलं तर विमा कंपनीची लेखी पूर्वमंजुरी हातात येईपर्यंत पैसे देऊ नका. केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, तेही विचारा. आमच्या प्रश्नावर केंद्रातल्या बाईंनी उत्तर न देता चहा मागवला. विमा लोकपालाकडे अशा केंद्राविरुद्ध तक्रार चालत नाही, तिथे विमा कंपनी किंवा विमा ब्रोकर यांच्याविरुद्धच जाता येतं. ताईने ती देणगीची पावती जोडून ग्राहक आयोगात अर्ज केलाय.