एक खिळा आणि सात पंक्चर

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून जानेवारीत आम्ही दोघंच गाडी घेऊन निघालो. सांगलीहून पुण्यात एक मुक्काम, वाटेत सिन्नरला गोंदेश्वर. मधे मोठं देऊळ, चार कोपऱ्यांत चार लहान, काळ्या दगडावरून नजर हटत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी नाशकात पांडवलेणी चढलो, 24 लेणी निवांत पाहिली आणि जेवून त्र्यंबकची वाट धरली.

सातपूर मागे पडलं तोच मोटारसायकलवरचा एक पोरगा शेजारी आला. "काका, मागचं चाक बसलंय! पुढे डावीकडेच पंक्चरवाला आहे." उतरून पाहिलं तर हवा खरंच कमी होती. पोराचे आभार मानले.

पंक्चरवाला गोड बोलणारा. "काकू, सावलीत बसा." मला खुर्ची दिली, ह्यांना पाणी. चाक जॅकवर घेऊन साबणाचं पाणी ओतलं आणि एक खिळा काढला. तो खराच होता. पण तो थांबेना. चाक फिरवत, ओला हात टायरवरून घासत म्हणाला, "हे बघा, इथेपण." बुडबुडे आलेच. मग आणखी एक. असे सात. एकाचे 150 रुपये, म्हणजे 1050. त्याचा अंगठा सारखा तळव्यात मुडपलेला होता. आधी हात फिरायचा, मग बुडबुडे यायचे. हे सगळं मी दोन हातांवरून पाहत होते, तरी तेव्हा कळलं नाही.

त्र्यंबकेश्वराचं दर्शन झालं, पण उशिरामुळे ब्रह्मगिरी राहिला. संध्याकाळी नाशकात चाक पुन्हा मऊ लागलं. टायरच्या दुकानात त्यांनी टायर रिमवरून उतरवून आतून दाखवला. खिळ्याचं भोक काळपट, गंजाचा डाग असलेलं. बाकीची सहा ताजी, सुईएवढी, सगळी खाचेतच, जिथे रबर पातळ असतं. एक तर बाजूच्या भिंतीला लागून, तिथे पट्टी टिकत नाही. टायर बाद झाला. नवा 4800 रुपयांना पडला.

पैशाचं दुःख आहेच. पण दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच टायरवर वणीच्या गडाचा घाट चढणार होतो. तिथे टायर बसला असता तर? ह्या विचाराने मला त्या रात्री झोप आली नाही. चार पैशांसाठी कुणाच्या जिवाशी असं खेळतात!

ट्यूबलेस टायर खिळ्याने सहसा एकदम बसत नाही. म्हणून कुणी रस्त्यात सांगितलं तर त्याने दाखवलेल्या दुकानात जाऊ नका. हवा भरून हळूहळू पेट्रोल पंप गाठा, नाहीतर स्टेपनी लावा. पंक्चर काढताना एकाने चाकाजवळच उभं राहा, सावलीत बसू नका. हात लावायच्या आधी नुसतं पाणी ओतायला सांगा. खरं पंक्चर असेल तर बुडबुडा तिथेच दिसेल. दुसरं पंक्चर निघालं की चाक उतरवून पाण्याच्या टाकीत बुडवायला लावा. बिल मागा, नसेल देत तर टपरीचा फोटो काढा. आम्ही यातलं काहीच केलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी राहिलेल्या ब्रह्मगिरीसाठी त्याच रस्त्याने गेलो. टपरीसमोर एक पांढरी गाडी जॅकवर होती आणि त्याच खुर्चीत एक आजी बसल्या होत्या. मी म्हटलं, "अहो, थांबवा गाडी."