टाचेचं मशीन, काचेची पाटी आणि सोसायटीतलं शिबिर: पाचपैकी दोन तारे

कोथरूड असो, सहकारनगर असो नाहीतर औंध, सोसायटीच्या नोटीस बोर्डावर हे पत्रक हमखास दिसतं: रविवारी सकाळी हाडांची घनता आणि पायांचं स्कॅनिंग, मोफत. क्लब हाऊसमध्ये दोन टेबलं मांडलेली असतात. एकावर टाच ठेवायचं अल्ट्रासाउंडचं मशीन, दुसऱ्याशेजारी उभं राहायला काचेची पाटी किंवा दाब मोजणारी चटई. थोड्याच वेळात दोन रंगीत कागद हातात पडतात. हा अभिप्राय कुठल्या एका कंपनीवर नाही, ही जोड-तपासणी ज्या पद्धतीनं केली जाते त्यावर आहे.

आधी मशीनच्या बाजूनं. टाचेचं हाड बहुतांश जाळीदार असतं आणि हाडांची झीज जाळीदार भागात लवकर दिसते. क्ष-किरण लागत नाहीत, मशीन उचलून कुठेही नेता येतं. अल्ट्रासाउंडनं हाडं तपासायची तर टाच हीच मान्यताप्राप्त जागा. पण मशीन मोजतं ते ध्वनीचा वेग आणि तो हाडातून जाताना किती क्षीण होतो ते. कागदावर मात्र 'टी-स्कोअर', म्हणजे निरोगी तरुण माणसाशी तुलना करून काढलेला आकडा, छापून येतो, शेजारी हिरवा, पिवळा, लाल पट्टा, आणि पट्ट्यांच्या सीमा उणे १ आणि उणे २.५. या सीमा जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ मध्ये डेक्सासारख्या (हाडांची घनता मोजणाऱ्या) क्ष-किरण तपासणीतल्या घनतेसाठी ठरवल्या. टाचेच्या अल्ट्रासाउंडला त्या जशाच्या तशा लावता येत नाहीत. लाल पट्टा बघून घाबरलेला माणूस निदान पुढे डॉक्टरकडे तरी जातो. पिवळ्या पट्ट्यावर निर्धास्त होऊन घरी जाणाऱ्या सत्तरीच्या बाईंची जास्त काळजी वाटते.

आकडा चुकतो तो साध्या कारणांनी. जेल कमी पडतं, त्यात बुडबुडे राहतात, टाच मागच्या आधाराला नीट टेकत नाही, पायाला सूज असते किंवा पाय गारठलेला असतो. यावर सोपा उपाय म्हणजे पाय बाहेर काढायचा, पुसायचा आणि पुन्हा तपासायला सांगायचं. टी-स्कोअर ०.५ नं हलला तर तो कागद भेळ बांधायला ठेवावा. 'तीन महिने या गोळ्या घ्या, पुढच्या शिबिरात फरक बघू' हे तर ऐकूनच सोडून द्यावं, कारण उपचारांचा परिणाम जोखायला टाचेचं अल्ट्रासाउंड चालत नाही.

त्यापेक्षा टेबलामागच्या माणसानं चार प्रश्न विचारले असते तर जास्त उपयोग झाला असता. पन्नाशीनंतर किरकोळ पडण्यानं हाड मोडलं का? आई किंवा वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं होतं का? स्टेरॉइड चालू आहे का? उंची कमी झाली का? यांतल्या पहिल्या तिन्ही गोष्टी विचारात घेऊन पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याचा धोका सांगणारं 'फ्रॅक्स' हे गणित ४० ते ९० वयासाठी आहे, त्याची भारतासाठीची आवृत्तीही आहे आणि ते डेक्साशिवायही करता येतं.

उत्तरांवरून शंका आली तर डेक्सा करावी, कणा आणि खुबा दोन्हींची. आदले २४ तास कॅल्शियमची गोळी टाळावी. बेरियमची तपासणी झाली असेल तर दोन आठवडे थांबावं. कण्यासाठी पाय ठोकळ्यावर उचललेले असतात, खुब्यासाठी पाऊल १५ ते २५ अंश आत वळवून बांधतात. तसं केलं नाही तर मांडीच्या हाडाची मान आखूड दिसते आणि आकडा फसवा येतो. उतारवयात मणक्यांच्या झिजेनं कण्याची घनता खोटी वाढते, म्हणून खुब्याचा आकडा हवाच. तुलना कोणाशी केली तेही रिपोर्टमध्ये बघावं: भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनं २०१० मध्ये भारतीयांसाठी प्रमाणं दिली आहेत, आणि ती लावली की तोच माणूस पाश्चात्त्य प्रमाणापेक्षा बरा दिसतो. पुढची तपासणी त्याच सेंटरला, त्याच मशीनवर. सेंटर स्वस्त पडतं म्हणून बदललं तर दोन रिपोर्टांची तुलनाच होत नाही.

आता दुसरं टेबल. काचेच्या पाटीवरचा ठसा बघायला छान दिसतो. बोटं वगळून ठशाचे लांबीनं तीन समान भाग करायचे आणि मधल्या भागाचं क्षेत्रफळ एकूण क्षेत्रफळाशी ताडायचं, हा तळव्याच्या कमानीचा निर्देशांक. ०.२१ च्या खाली उंच कमान, ०.२६ च्या वर चपटी. पण माणूस स्क्रीन बघायला पुढे वाकला की वजन चवड्यावर जातं. लठ्ठ पायाचा ठसा हाडांची कमान ठीक असूनही भरीव येतो. तेवढ्यावर बुटात घालायचे काही हजारांचे इनसोल गळ्यात मारणं हा या शिबिराचा खरा धंदा, आणि एक तारा तिथेच गेला. चपटा पाय दुखत नसेल आणि चवड्यावर उभं राहिल्यावर कमान उमटत असेल, तर बहुधा काही करावं लागत नाही.

पायाचा अंगठा शेजारच्या बोटांकडे वळून बुडाशी गाठ आली असेल तर पाटीचा उपयोग नाही. उभं राहून, पायावर वजन देऊन एक्स-रे हवा. चिठ्ठीवर 'वजन देऊन' असं लिहून घ्यावं, नाहीतर टेबलावर झोपवून काढतात आणि विकृती प्रत्यक्षाहून कमी दिसते. अंगठ्यामागच्या, तळव्यातल्या पहिल्या लांब हाडाची आणि अंगठ्याच्या हाडाची रेषा यांतला कोन १५ अंशांपर्यंत ठीक, ४० च्या पुढे गंभीर. मोजणारा हात बदलला तरी दोन-चार अंशांचा फरक पडतो, म्हणून २१ चे २३ झाले म्हणजे विकृती वाढली असं होत नाही.

बाकीचे तारे गेले ते दोन्ही टेबलांवर नसलेल्या एका वस्तूपायी. ती म्हणजे १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा. तो तळव्याला टेकवून स्पर्श कळतो का ते बघतात. मधुमेहात पायाची संवेदना जाते, मग हाडं मोडतात, सरकतात आणि कमान खाली बसते. हाच शार्को पाय. सुरुवातीला तो फक्त लाल, गरम आणि सुजलेला असतो, दुखतोच असं नाही, एक्स-रेही तेव्हा साफ असू शकतो. पाटीवर मात्र तो 'चपटा पाय' म्हणून छापून येतो आणि इनसोल घालून तो माणूस पर्वती चढायला मोकळा. खरं तर त्या पायावर वजनच पडू द्यायचं नसतं, प्लास्टर लागतं. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा दोन अंश सेल्सिअसनं गरम असेल तर त्याच दिवशी हाडांच्या किंवा मधुमेहाच्या डॉक्टरकडे जावं, रविवार असला तरी.