टँपाचं सिगार संग्रहालय, विडी ओळखणाऱ्यांच्या नजरेतून

जळगाव-धुळ्याकडची बरीच मंडळी मुलांकडे अमेरिकेला जाऊन येतात. मुक्काम फ्लोरिडात असेल तर टँपाच्या यबोर सिटीतला जे. सी. न्यूमन कंपनीचा सिगार कारखाना आणि त्यातलं संग्रहालय अर्धा दिवस काढून बघाच. कंपनी १८९५ ची, क्लीव्हलँडमधली. १९५४ मध्ये टँपाला आली. लाल विटांची ही इमारत १९१० ची. घड्याळाच्या मनोऱ्यावरून तिचं नाव पडलं ‘एल रेलोह’, म्हणजे स्पॅनिशमध्ये घड्याळ. जुने डबे आणि लेबलं देखणी आहेत, पण तिथे फार रेंगाळू नका.

खरा ऐवज चालू कामापाशी आहे. १९३० च्या दशकातली यंत्रं अजून चालतात. वरचं पान मात्र माणूसच हाताने पसरतो; छिद्रांच्या पत्र्यावर हवेच्या ओढीने ते धरलं जातं आणि बेतानुसार कापलं जातं. हाताने वळण्याचं काम तर विडी वळताना बघितलेल्या माणसाला लगेच उमगेल. आपल्याकडे टेंभुर्णीचं पान भिजवायचं, पत्र्याच्या साच्यावर कातरायचं, जर्दा भरून वळायचं, तोंड मोडून दोरा बांधायचा. सिगारला दोरा नाही. आत भरण, त्यावर बांधणीचं पान, सर्वांत वर पातळ, बिनडागी पान. टोकाला वनस्पतीजन्य डिंकाचा ठिपका. भरण घट्ट झालं तर ओढ बसत नाही, सैल राहिलं तर सिगार भराभर आणि तापून जळते.

वरच्या पानाचं काम जवळून बघा. मधली शीर काढली की पानाचे डावा-उजवा असे दोन भाग होतात, आणि ते एकमेकांच्या उलट दिशेने गुंडाळतात. शिरा सिगारच्या लांबीला धरून राहाव्यात म्हणून. आडव्या आल्या की फुगवटे उठतात. पान ओलसर असेल तरच ताणतं. कोरडं पडलं की तडकलंच.

टँपाच्या कारखान्यांत पूर्वी ‘लेक्टोर’ असायचा. उंच बैठकीवरून तो कामगारांना वर्तमानपत्रं, कादंबऱ्या वाचून दाखवायचा आणि त्याचा पगार कामगारच वर्गणीतून द्यायचे. १९३१ मध्ये मालकांनी हे बंद पाडलं. ही आठवण या भागाला खूप मोठं करते.

एक गैरसमज मात्र इकडेच सोडून जा. सिगारचा धूर छातीत घेत नाहीत, म्हणून ती निरुपद्रवी असते, हा. तिचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटिन तोंडातूनच अंगात भिनतं. तंबाखूला चुना लावून मळताना हेच होतं. तोंडाच्या कॅन्सरचा धोका दोन्हींत आहे.

अमेरिकेत २१ वर्षांखालच्यांना तंबाखू विकत नाहीत. कुणासाठी भेट म्हणून सिगार आणणार असाल तर ती खानदेशात टिकवणं अवघड, हे धरून चाला. तिला ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि २० अंशांच्या आसपास तापमान लागतं. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४२ च्या वर आणि हवा कोरडीठाक. उघडी ठेवली तर वरचं पान तडकतं. दमट पावसाळ्यात बुरशी. शिवाय २४-२५ अंशांच्या वर तंबाखूच्या किडीची अंडी फुटतात आणि सिगारला टाचणीएवढी भोकं पडतात. भोकं दिसली की हवाबंद पिशवीत घालून तीन दिवस फ्रीझरमध्ये, मग एक दिवस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, मगच बाहेर काढा. थेट बाहेर काढलीत तर पान फाटतं.