ठाण्यात नौपाड्यातला पाळणाघर सुरू करायचा कोर्स, चार शनिवारांचा अनुभव

मी कासारवडवलीला राहते. आमचा तळमजल्याचा वन बीएचके भाडेकरू सोडून गेल्यापासून रिकामाय, तेव्हापासून पाळणाघराचं डोक्यात आहे. बिल्डिंगमधेच पाच-सहा जणींची बाळंतपणाची रजा संपत आलीय, 26 आठवडे ऐकायला खूप वाटतात पण रजा संपते तेव्हा बाळ जेमतेम पाच महिन्यांचं असतं, आणि आई-सासू गावाला. म्हणून नौपाड्यातला हा कोर्स केला, चार शनिवार, फी साडेसहा हजार. नाव मुद्दाम लिहीत नाहीये.

पहिले दोन शनिवार एक ताई शिकवायला होत्या, त्यांनी स्वतः अनेक वर्षं पाळणाघर चालवलंय आणि ते त्यांच्या हातात दिसतं. घशात काही अडकलं तर काय करायचं हे त्यांनी बाहुली देऊन प्रत्येकीकडून करून घेतलं. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर हातावर पालथं घ्यायचं, डोकं खाली, खांद्यांच्या मधे पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच वेळा दाब, पोट दाबायचं नाही, आणि आपण सगळ्या करतो तसं दिसत नसताना घशात बोट घालून शोधायचं तर मुळीच नाही, वस्तू अजून आत जाते. मी दोन मुलं वाढवली पण हे मला माहीत नव्हतं, खरंच अंगावर काटा आला. बाळाला झोपवताना पाठीवरच आणि वर्षाच्या आत मधाचं बोट नाही, हेही त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं, आजी कितीही म्हणाली तरी.

2016 ला खारघरच्या पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारल्याचं सीसीटीव्हीत दिसलं होतं, ते आपल्याकडे कोणी विसरलेलं नाही, त्यामुळे पालक आधी कॅमेऱ्याचं विचारणार. ताई म्हणाल्या कॅमेरा लावाच, पण कॅमेरा झालेलं दाखवतो, होताना हात धरत नाही. मदतनीस बाई एकटी बाळांपाशी ठेवायचीच नाही, कायम दोघी, आणि रडणाऱ्या बाळाला कंटाळली की तिने लाज न बाळगता दुसरीच्या हातात द्यायचं. माझ्यासाठी फी इथेच वसूल झाली.

तिसरा शनिवार पैशांचा, तोही चांगला. फळ्यावर हिशोब मांडला, आठ बाळं सात हजारांनी म्हणजे 56 हजार, दोन मदतनीसांचे 28, मग लाइट, दूध-खाऊ, साफसफाई, आणि जागेचं भाडं द्यायचं असेल तर पहिलं वर्ष हातात जवळजवळ काही नाही. घोडबंदरच्या ट्रॅफिकचा मुद्दाही निघाला कारण सातची वेळ ठरवली तरी आई पावणेआठला पोचते, मानपाड्याला बस अडकली तर ती बिचारी काय करणार, पण आपली मदतनीसही घरी जायचीय. म्हणून उशिराचे पैसे आधीच फॉर्मवर लिहायचे, आणि बाळाला कोण न्यायला येऊ शकतं त्यांचे फोटोही फॉर्मला लावायचे.

चौथा शनिवार मात्र अजिबात पटला नाही. रजिस्ट्रेशन शिकवणार म्हणून एक एजंट आणला, त्याने उद्यम नोंदणीचे, म्हणजे छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीचे, तीन हजार मागितले. अहो ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, आधार नंबरवर, घरबसल्या! शॉप अ‍ॅक्टचंही (दुकानं-आस्थापनांचा कायदा) तेच, आपल्यासारखी मोजकीच माणसं कामाला असतील तर फक्त ऑनलाइन कळवायचं असतं, तो त्याला लायसन्स लायसन्स म्हणून घाबरवत होता. सोसायटीच्या एनओसीबद्दल, म्हणजे ना-हरकत पत्राबद्दल, तर शब्द नाही, आणि आपल्याकडे पाळणाघरं तिथेच अडू शकतात. जेवण बनवून देणार असाल तर अन्न नोंदणी लागते, तेही मी विचारल्यावर सांगितलं. चौघींनी तिथेच पैसे भरले, त्यातली एक मुंब्र्याहून यायची, शिलाईकामातून फी जमवलेली. तिचे तीन हजार गेले याचा मला अजून राग येतो. ऑफिसमधे लेखी तक्रार दिलीय, उत्तर नाही.

तरी जा असंच म्हणेन, पण पहिल्या तीन शनिवारांसाठी. चौथ्या दिवशी कुठेही सही करू नका, पैसे काढू नका, घरी येऊन मुलाला किंवा भाचीला लॅपटॉपवर बसवा, एका दुपारचं काम आहे. आणि गाडी नेऊ नका, पार्किंग नाही, स्टेशनवरून चालत दहा मिनिटं.