टॉपिकच्या क्लासच्या नावाखाली गेलेले 7,75,000 वॉन

मी दक्षिण कोरियात सुवॉनला राहते. नवऱ्याच्या नोकरीमुळे आलो. हे लिहायची लाज वाटते, पण गेल्या आठवड्यात ओळखीच्या एका मुलीला मला फसवणाऱ्या त्याच माणसाचा मेसेज आला, म्हणून लिहितेय.

टॉपिक म्हणजे कोरियन भाषेची परीक्षा; वन सुरुवातीची, टू वरची. त्याची जाहिरात होती: ऑनलाइन क्लास, 'टॉपिक वनची दुसरी लेव्हल नक्की'. पुढचं तुम्हाला माहीतच आहे: पहिला क्लास फुकट, मग 'दोनच जागा उरल्यात'. तीन महिन्यांचे 4,50,000 वॉन. मग पुस्तकं आणि परीक्षेची नोंदणी, 85,000. मग 'लेखनाची खास तयारी', 2,40,000. पाच क्लास झाले आणि सर गायब. सगळे मिळून रुपयांत 46,000 च्या आसपास.

मी काही अडाणी नाही. पण मुलीच्या शाळेची चिठ्ठी दर वेळी शेजारणीला दाखवायची, दवाखान्यात खुणा करायच्या, हे किती दिवस चालवणार? हाग्वॉनच्या, म्हणजे इथल्या खाजगी शिकवणीच्या, वेळा आणि मुलीला आणायची वेळ जुळेना. मला भाषा हवी होती, आणि त्याने तेच ओळखलं.

एक क्षण मात्र डोळ्यांसमोरून जात नाही. पहिले पैसे पाठवताना बँकेच्या ॲपवर शेवटचं बटण दाबण्याआधी खातेदाराचं नाव आलं. हांगुल, म्हणजे कोरियन लिपी, शिकायला लागून दोनच आठवडे झाले होते. मी स्क्रीनवर बोट ठेवून अक्षरं जुळवत गेले: बिउप, आ, गियॉक. बाक. सरांचं आडनाव किम! आणि मला आनंद झाला तो नाव वाचता आल्याचा. विचारलं, तर म्हणाला, "नूनाचं खातं आहे." नूना म्हणजे मुलाची मोठी बहीण, हा शब्द फुकटच्या क्लासात त्यानेच शिकवलेला. तो कळला म्हणून आणखी खूश. दाबलं बटण. नाव वेगळं दिसलं की तिथेच थांबा, बहीण असो की आई.

आणि लेखनाचे 2,40,000! टॉपिक वनमध्ये लेखन नसतंच. ऐकण्याचे 30 प्रश्न, वाचनाचे 40, सगळे पर्यायांतून उत्तर निवडायचे. लेखन टॉपिक टूमध्ये. जुनी प्रश्नपत्रिका माझ्या टेबलावर पडली होती हो.

बँकेत गेले. म्हणाले, हे फोनवरच्या फसवणुकीत बसत नाही, क्लासचा व्यवहार आहे, खातं गोठवता येणार नाही. पोलीस चौकीत दोन तास बसवलं. अर्ज कोरियनमध्ये लिहा म्हणे! कोरियन येत असतं तर मी तिथे कशाला गेले असते? वर ऐकवलं, पाच क्लास झालेत ना, मग हा तुमच्या दोघांतला वाद. एका हेल्पलाइनने त्याचा व्यवसाय नोंदणी क्रमांक मागितला. तो मी कुठून आणू? चोराने पावती देऊन चोरी करायची का? तिसऱ्या खेपेला तक्रार घेतली, तेव्हापासून एक फोन नाही.

पोलिसांकडे जाण्याआधी 1345 वर, म्हणजे परदेशी लोकांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन करा, इंग्रजीत बोलता येतं, दुभाषाही मिळतो. पैसे पाठवल्याचे दाखले आणि चॅट छापून न्या. टॉपिकची नोंदणी त्यांच्या वेबसाइटवर आपली आपणच करायची, मधल्या कुणाला पैसे द्यायचे नाहीत. सेजोंग हाकदांग या कोरियन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेचे ऑनलाइन धडे फुकट आहेत, मी त्यांना कमी लेखलं. हाग्वॉन नोंदणीकृत आहे का ते आधी विचारा. तिथे महिन्याचा एक तृतीयांश भाग व्हायच्या आत सोडलं तर दोन तृतीयांश फी, अर्धा व्हायच्या आत निम्मी परत मिळते, असा कायदा आहे.

'नूनाच्या खात्यात' तुमचेही पैसे गेले असतील तर मला कळवा. माझ्याकडे तक्रार क्रमांक आहे. एकाच खात्यावर चार तक्रारी दिसल्या तर तो दोघांतला वाद म्हणून उडवून लावता येणार नाही.