चिऱ्याच्या घरात वायफाय: टीपी-लिंक आर्चर सी६ कसा वाटला

गावच्या घरासाठी राऊटर कुठला घेऊ असं विचारणारे खूप आहेत, आणि गणपतीला सगळं घर भरतं आणि प्रत्येकाचा मोबाईल वायफायच्या एकाच डबीवर चालतो तेव्हा तर हमखास विचारतात, म्हणून आमच्या सिंधुदुर्गातल्या घरी जो लावलाय त्याबद्दल जरा सविस्तर लिहितोय. टीपी-लिंकचा आर्चर सी६. घर जुनं, चिऱ्याचं म्हणजे जांभ्या दगडाचं, भिंती चांगल्या जाड, पुढे पडवी मग माजघर आणि मागे स्वयंपाकघर. फायबरवाल्याने बसवलेल्या डबीचं वायफाय पडवीत मस्त, माजघरात जेमतेम, आणि मागच्या खोलीत तर नावच दिसत नव्हतं. घरात दोघं लॅपटॉपवर काम करणारी, मीटिंग मध्येच तुटली की काय होतं ते सांगायला नको.

आधी खोक्यावरच्या आकड्याबद्दल. एसी१२०० लिहिलेलं असतं म्हणून मोबाईलवर १२०० चा स्पीड मिळत नाही. राऊटर दोन बँडवर (लहरींच्या पट्ट्यांवर) चालतो, २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ एमबीपीएस, या दोघांची बेरीज करून वर गोल केलेला आकडा आहे तो, आणि फोन साधारणपणे एका वेळी एकाच बँडवर असतो. बघायचं ते पाठीमागचे पोर्ट. सी६ चे पाचही पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएसचे) आहेत, एक वॅन (नेट आत येण्यासाठी) आणि चार लॅन (घरातल्या वस्तू वायरने जोडण्यासाठी). याच कंपनीचा आर्चर सी५० पण आहे, तोही एसी१२००, पण त्याचे पोर्ट १०० एमबीपीएसचे, म्हणजे २०० चा प्लॅन घेतला तरी वायरमधून आत येतानाच ९४-९५ च्या आसपास अडकणार, मग वर अँटेना कितीही असू देत. दुकानात अँटेना मोजून दाखवतात, पोर्टचं कोणी बोलत नाही. तुम्ही स्वतः विचारा, गिगाबिट आहे का, आणि खोक्यावर वाचून खात्री करा.

पण एवढं घेऊन पडवीतच ठेवला तर काही उपयोग नाही हे पण तितकंच खरं. चिऱ्याची जाड भिंत ५ गिगाहर्ट्झला भारी पडते, आणि पावसाळ्यात भिंत ओल धरते तेव्हा अजूनच. आम्ही फायबरची डबी होती तिथेच ठेवली (फायबरची वायर उगाच वाकवू नका, आत काच असते) आणि तिथून साधी कॅट६ नेटवर्क वायर माळ्यावरून माजघरात आणून राऊटर भिंतीवर उंच लावला. लॅनची वायर १०० मीटरपर्यंत चालते, त्यामुळे घरातल्या घरात अंतराची काळजी नाही. आता मागच्या खोलीत व्हिडिओ कॉल नीट होतो, चुलीजवळ २.४ वर का होईना पण रेंज येते. रिपीटर घ्यायचा सल्ला सगळे देतात, मी देणार नाही, साधा रिपीटर ज्या बँडवर ऐकतो त्याच बँडवर पुढे पाठवतो त्यामुळे स्पीड जवळपास अर्धा होतो. वायर ओढता येत असेल तर वायरच ओढा.

दोन्ही बँडची नावं वेगळी ठेवली आहेत. कॅमेरा, स्मार्ट प्लग असल्या वस्तूंना बहुतेक वेळा २.४ च लागतो आणि एकच नाव ठेवलं की त्या जोडताना डोक्याला ताप होतो. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये वेगळी अडचण, तिथे शेजाऱ्यांचीच वीस नावं दिसतात, म्हणून २.४ वर चॅनल १, ६ किंवा ११ यापैकी कमी गर्दीचा निवडायचा, कारण हे तीनच एकमेकांवर येत नाहीत.

जोडणी करताना एक गोष्ट आधीच विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी लॉगिन पीपीपीओईचं (म्हणजे युजरनेम-पासवर्ड टाकल्यावरच नेट चालू होण्याच्या पद्धतीचं) असतं, त्याचं युजरनेम-पासवर्ड इंटरनेटवाल्याकडून लिहून घ्यायचं आणि त्याला डबी ब्रिज मोडवर टाकायला सांगायचं, म्हणजे डबी नेट नुसतं पुढे देते आणि लॉगिन राऊटर करतो. कुठे कुठे मॅक ॲड्रेस (प्रत्येक यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) बांधलेला असतो, मग नवीन राऊटर लावला की नेट बंद, तेव्हा एकतर त्यांना फोन करून बदलून घ्या नाहीतर सेटिंगमध्ये जुना मॅक क्लोन करा, म्हणजे तोच क्रमांक नव्या राऊटरला द्या. ब्रिज करून द्यायला तयारच नसेल तर सी६ ॲक्सेस पॉइंट मोडवर चालवा (लॉगिन डबीकडेच, राऊटर फक्त वायफाय पसरवतो), छान चालतो.

कोकणात राहणाऱ्याला लाईटचा विषय टाळता येतच नाही. राऊटर १२ व्होल्टवर चालतो, त्यामुळे छोटा डीसी यूपीएस (लाईट गेल्यावर बॅटरीवर चालवणारा) मिळतो तो लावला की झालं, फक्त फायबरची डबी पण त्याच्यावर घ्या, नाहीतर राऊटर चालू आणि नेट बंद. दोन्ही ॲडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट सारखे हवेत आणि अँपिअरची बेरीज यूपीएसला झेपायला हवी. आणि विजा कडकडायला लागल्या की मात्र यूपीएस असला तरी प्लग काढायचाच, पावसाच्या सुरुवातीला आमच्याकडे घरोघरी डब्या आणि पोर्ट जळतात.

कमी काय आहे ते पण सांगतो. यूएसबी पोर्ट नाही, म्हणजे पेनड्राईव्ह लावून सगळ्यांना सिनेमा दाखवता येणार नाही. वायफाय ६ (वायफायची यापुढची पिढी) नाही. घरात माणसं जास्त, फोन नवे आणि प्लॅन ५०० च्या वरचा असेल तर थोडे पैसे टाकून आर्चर एएक्स२३ सारखा वायफाय ६ वाला बघा, त्याचेही पोर्ट गिगाबिट आहेत. आमच्यासारख्या १००-२०० च्या प्लॅनला सी६ भरपूर होतो.

घेतल्यावर पहिल्याच दिवशी ॲडमिनचा पासवर्ड आणि फर्मवेअर (राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर) बघा. राऊटरच्या खाली स्टिकरवर व्हर्जन लिहिलेलं असतं, सी६ ची वेगवेगळी व्हर्जन आहेत आणि एकाचं फर्मवेअर दुसऱ्याला टाकायचं नाही. अपडेट चालू असताना लाईट गेली तर राऊटर बिघडून बंद पडू शकतो, म्हणून ते यूपीएसवर असतानाच करा.